लॉसलेस वेगळं, हाय-रेझ वेगळं

डिजिटल संगीताच्या फाइलवर आणि अ‍ॅपवर हे दोन शब्द दिसतात. लॉसलेसबद्दल फार सांगायला नको. मूळ पीसीएममधला, म्हणजे न दाबलेल्या डिजिटल आवाजातला, एकही बिट न गाळता लहान केलेली फाइल, मग ती फ्लॅक असो वा अ‍ॅलॅक. त्या दोघांत कोण सरस हा वाद फुकटचा. दोन्हींतून तेच बिट बाहेर पडतात. हाय-रेझ म्हणजे सीडीच्या १६-बिट/४४.१ किलोहर्ट्झपेक्षा वरचे आकडे. पहिला आकडा आवाजाच्या प्रत्येक नमुन्याची बारकाई सांगतो, दुसरा सेकंदाला किती हजार नमुने ते.

घोळ होतो तो इथे: फाइलवरचा आकडा लोक रेकॉर्डिंगचाच समजतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ या चित्रपटाचा हॉवर्ड शोरने केलेला तीन तासांचा पूर्ण स्कोअर, म्हणजे पार्श्वसंगीत, २००५ मध्ये तीन सीडी आणि एक डीव्हीडी-ऑडिओ अशा संचात आला. डीव्हीडीवरचा स्टिरिओ २४/४८ आहे. तोच कुणी २४/१९२ करून दिला, तर न दाबलेला पीसीएम सुमारे ३ जीबीवरून १२ जीबीवर जातो आणि संगीतात भर पडते शून्य. २००१ चा मूळ अल्बम सुमारे ७१ मिनिटांचा. तो कितीही हाय-रेझ केला तरी पूर्ण स्कोअर होत नाही.

तपासणं सोपं आहे. आवाजातल्या फ्रीक्वेन्सींचं चित्र दाखवणारं स्पेक हे मोफत सॉफ्टवेअर उघडून फाइल त्यात टाका आणि झांजा नि ट्रम्पेट एकत्र वाजतात तो भाग बघा. हळुवार तंतुवाद्यांवर तपासू नका, तिथे वरच्या पट्टीत फारसं काही नसतंच. ९६ किलोहर्ट्झची फाइल असून २२ किलोहर्ट्झवर (सीडीच्या ४४.१ च्या निम्म्यावर) सुरीने कापल्यासारखी रेघ आणि वर नुसता काळोख असेल, तर ती बहुधा सीडीवरून फुगवलेली. रेघ १६ किंवा २० वर असेल तर एमपीथ्रीचा दाट संशय. मग नाव फ्लॅक असलं तरी माल लॉसलेस नाही.

२४ बिटचा खरा उपयोग रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगमध्ये. ऐकण्यासाठी सर्वात हळू ते सर्वात मोठ्या आवाजातलं १६ बिटचं सुमारे ९६ डेसिबलचं अंतर पुरतं. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकताना एकट्या बासरीपासून सगळ्या ब्रासपर्यंत (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांपर्यंत) जी झेप कानावर येते, ती त्यात आरामात मावते. अंधेरीच्या फ्लॅटमध्ये ती बासरी बुडते पंख्यात आणि रिक्षांच्या हॉर्नमध्ये. पंखा बंद करून क्लोज्ड-बॅक (मागून बंद) हेडफोन लावा, १९२ पेक्षा जास्त फरक पडेल. आवाज चढवून हळू-मोठ्यातला फरक दाबून टाकलेल्या २४/९६ मास्टरपेक्षा (अंतिम प्रतीपेक्षा) नीट मास्टर केलेली सीडी केव्हाही घ्यावी.

अ‍ॅपवर ‘हाय-रेझ’ झळकतंय आणि ऐकणं चाललंय ब्लूटूथवर, हे तर थांबवाच. सीडीलाच सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींपैकी एलडॅक जास्तीत जास्त ९९० नेतो, एएसी त्याहून बराच कमी. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, यूएसबी डीएसी डोंगल (डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारं छोटं यंत्र) आणा, वायरचे हेडफोन जोडा. विंडोजवर प्लेअरचा एक्सक्लुझिव्ह मोड (विंडोजचं मिक्सिंग टाळून थेट डीएसीला आवाज देणारा) चालू करा, नाहीतर सगळे ट्रॅक एकाच ठरलेल्या रेटवर बदलून वाजतात.

प्लेअरमध्ये गॅपलेस (ट्रॅकमध्ये खंड न पडू देणं) चालू, क्रॉसफेड (एका ट्रॅकचा शेवट पुढच्यात मिसळणं) बंद. व्हॉल्यूम लेव्हलिंग, म्हणजे आवाज आपोआप सारखा करणं, ठेवायचंच असेल तर ‘अल्बम’वर ठेवा, ‘ट्रॅक’वर ठेवलं की हळुवार क्यूही (प्रसंगाचा संगीताचा तुकडा) लढाईच्या क्यूइतकाच मोठ्याने वाजतो.