तंबूसोबत दिलेला हा कागद परतीच्या गाडीत तरी वाचा

नमस्कार मंडळी,

तंबू, सॅक, मॅट मोजून घेतलंत ना? खुंट्या जाताना आठ असतात आणि येताना सहाच कशा होतात, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही. पण हा कागद खुंट्यांचा नाही. ज्या डोंगरात तुम्ही निघालात, तिथल्या जंगलाला कायद्याचा आधार किती आहे, ते सांगायला छापला आहे.

डोळ्यांना सलग, कागदावर तुकडे

भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आणि चांदोली हे राष्ट्रीय उद्यान. यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. पण चांदोलीहून दक्षिणेला आंबोली-तिलारीपर्यंतची डोंगररांग धरून चालत गेलात, तर कवच मध्येमध्ये सुटतं. कुठे राखीव वन, कुठे तिलारीसारखं त्याच कायद्याखालचं, पण सौम्य कवचाचं संवर्धन राखीव क्षेत्र, तर कुठे सरळ मालकीचं रान. आपल्याला पायाखाली एकच जंगल लागतं. खाणीचा अर्ज करणाऱ्याला मात्र या फटी बरोबर दिसतात.

या फटी भरण्यासाठीच १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' जाहीर करता येतं. केंद्र सरकारने नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये जवळपास सगळा पश्चिम घाट असा जाहीर करून त्याचे तीन स्तर करा असं सुचवलं. त्यानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये हे क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणलं. त्यानंतर सुरू झाले केंद्राच्या अधिसूचनेचे मसुदे. पहिला मार्च २०१४ मध्ये निघाला, सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. मुदत संपते, नवा मसुदा येतो. सहाव्यात सहा राज्यांतलं ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यातलं १७,३४० महाराष्ट्रातलं.

गावात विचारतील, तेव्हा काय सांगाल?

ट्रेकला आपण ज्या घरी पिठलं-भाकरी खातो, तिथे हा विषय काढून बघा. "आमच्या घराची भिंतपण बांधू देणार नाहीत म्हणे," हे हमखास ऐकायला मिळतं. ही भीती खोटी म्हणून उडवून लावू नका. गावाला विश्वासात न घेता वरून नकाशे आले, की असंच होतं. पण मसुद्यात काय आहे तेही सांगा. बंदी आहे ती खाणकाम, दगडखाण आणि वाळूउपसा यांच्यावर, नव्या औष्णिक वीजप्रकल्पांवर, 'लाल' म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या गटातल्या नव्या उद्योगांवर आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या नव्या बांधकामांवर. चालू खाणी पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा बंद करायच्या. असलेल्या घराची दुरुस्ती, शेती, मालकी हक्क यांना हात लागत नाही.

उदाहरण लांब शोधायला नको. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे, माथेरान २००३ पासून. दोन्हीकडे बाजार भरतो, माणसं राहतात, महाबळेश्वरला तर स्ट्रॉबेरीही पिकते. अनधिकृत बांधकामंही झाली, हे आम्ही लपवत नाही. नुसत्या अधिसूचनेने काम भागत नाही, लक्ष ठेवणारी माणसं लागतात.

तुमची वही उपयोगी पडते

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. क्षेत्र २.११ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वापाच एकर. कुणीतरी कुंडात वाकून पाहिलं आणि पाहिलेलं नीट लिहिलं, म्हणून हे झालं.

मसुदा राजपत्रात निघाला की हरकती आणि सूचनांसाठी ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत विरोधाची पत्रं गठ्ठ्याने जातात. डोंगर पायाखाली घातलेले आपण मात्र फोटोला 'लाईक' करत बसतो. "जंगल वाचवा" एवढंच लिहिलेल्या पत्राला वजन नसतं. "अमुक गावाच्या वरच्या सड्यावर, अमुक तारखेला, मे महिन्यातही वाहता झरा पाहिला, गावाचं पिण्याचं पाणी त्यावरच आहे," असं लिहा. फोटो आणि गावाचं नाव जोडा, सर्व्हे नंबर मिळाला तर उत्तमच. गव्याचे माग, शेकरूचं घरटं, देवराईतली जुनी झाडं, सगळं चालेल. एकच विनंती, दुर्मीळ आमरीचं (ऑर्किडचं) किंवा घरट्याचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. ते वनखात्यालाच कळवा.

एखाद्या मोठ्या खाणीची जनसुनावणी असेल, तर किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. प्रकल्पाशी रास्त संबंध असलेल्या कुणालाही लेखी म्हणणं देता येतं. सभेत मात्र आधी गावकऱ्यांना बोलू द्या. खाणीच्या शेजारी राहायचंय त्यांना. सिंधुदुर्गातल्या कळणे गावच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला, तेव्हा चिखलाचं पाणी तिथल्या गावकऱ्यांच्या घरात आणि शेतात शिरलं होतं.

सूचनापत्राचा मराठी नमुना दुकानात काउंटरवर ठेवला आहे, फुकट. शेजारी एक जाड वहीही आहे. तंबू परत द्यायला याल तेव्हा काय पाहिलंत ते तारीख घालून त्यात लिहा. पुढचा मसुदा निघाला, की त्या नोंदींवरून पत्रं लिहायला शनिवारी संध्याकाळी दुकानातच बसू. चहा आमच्याकडून.