अटारी ८००एक्सएल: आतलं बेसिक नवं, म्हणून चांगलं?

अटारी ८००एक्सएल हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक, आणि बेसिक ही त्यावर प्रोग्राम लिहायची भाषा; आधी ती मशीनमध्ये खोचायच्या कार्ट्रिजमधून यायची. ‘जुन्या कार्ट्रिजमधल्या बेसिकचे दोष एक्सएलमध्ये बसवलेल्या बेसिकमध्ये काढून टाकले आहेत,’ हा समज अजून फिरतो. तो अर्धाच खरा आहे.

आधी आपलं बेसिक ओळखा. पडद्यावर रेडी (READY) दिसल्यावर प्रिंट पीक(४३२३४), म्हणजे PRINT PEEK(43234), टाइप करा. उत्तर १६२ आलं तर आवृत्ती ए, ९६ आलं तर बी, २३४ आलं तर सी.

ए आवृत्तीत, म्हणजे जुन्या कार्ट्रिजमधल्या बेसिकमध्ये, प्रोग्रामच्या ओळी खोडताना मशीन कधीकधी गोठायचं. बीमध्ये ते सुधारलं, पण तोच दोष ओळी घालण्याच्या कामात शिरला. आणि ओळी आपण खोडतो त्यापेक्षा घालतो जास्त! ६००एक्सएल या धाकट्या भावंडात आणि सुरुवातीच्या ८००एक्सएलमध्ये हीच बी आहे. त्यावर ‘वरचेवर सेव्ह करा’ हा सल्लाही अंगाशी येतो, कारण बीमध्ये लोड करून पुन्हा सेव्ह केलं की प्रोग्राम दर वेळी १६ बाइटांनी फुगतो. फुगवटा काढायचा तर सेव्हऐवजी लिस्ट (LIST) या आज्ञेने डिस्कवर लिहा, मग न्यू (NEW) ने मेमरी रिकामी करा, मग एंटर (ENTER) या आज्ञेने (त्या नावाच्या कळीने नव्हे) परत वाचा.

कायमचा इलाज म्हणजे सी आवृत्तीचं कार्ट्रिज. मशीन बंद करूनच लावा. आतलं बेसिक आपोआप बाजूला होतं. नंतर आलेल्या अटारी १३०एक्सईवाल्यांना ही खटपट नको, त्यात सीच आहे.