प्रतिस्पर्धी, तरी आपलेच

डार्टमथ आणि प्रिन्स्टन या अमेरिकेतल्या जुन्या वैरी शिक्षणसंस्थांमधला १९५१ चा फुटबॉल सामना (म्हणजे तिकडचा, लांबट चेंडूचा) पार हाणामारीवर गेला. प्रिन्स्टनचा हिरो डिक काझमायर याचं नाक फुटलं, डार्टमथच्या एका गड्याचा पाय मोडला. पुढे हेस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे प्रिन्स्टनवाल्यांना सरासरी ९.८ नियमभंग दिसले, डार्टमथवाल्यांना ४.३. डोळे धडधाकट होते, पण आपला संघ म्हटला की तेही पक्षपात करतात.

मग असे कट्टर चाहते एकमेकांना मान देतात तरी कसे?

इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एक नामी प्रयोग केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्या विद्यार्थ्यांकडून आधी त्या क्लबाबद्दलच्या प्रेमाविषयी लिहून घेतलं. मग एकेकाला दुसऱ्या इमारतीकडे पाठवलं. वाटेत एक तरुण धावताना घसरून पडायचा आणि घोटा धरून विव्हळायचा. सगळं ठरवून. अंगात कधी मँचेस्टरचा शर्ट, कधी त्यांच्या कट्टर वैऱ्याचा, म्हणजे लिव्हरपूल क्लबाचा, कधी साधा. मँचेस्टरचा शर्ट असताना १३ पैकी १२ जण मदतीला धावले. लिव्हरपूलचा असताना १० पैकी अवघे ३.

दुसऱ्या फेरीत बदल एवढाच, की ‘मँचेस्टरचा चाहता’ऐवजी ‘फुटबॉलचा चाहता’ म्हणून लिहायला सांगितलं. आता लिव्हरपूलच्या शर्टालाही १० पैकी ७ जणांनी हात दिला. नमुना छोटा आहे, हे खरं. पण वैर तसंच ठेवून नुसतं कुंपण मागे सरकवलं तरी एवढा फरक पडतो, हे मला थक्क करणारं वाटतं.

अमेरिकेच्या लष्करी आणि नौदल अकादमींनी हे कुंपण रिवाजातच बांधून टाकलंय. लांबट चेंडूच्या फुटबॉलमधली त्यांची १८९० पासूनची चुरस जबरदस्त; पण सामना संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून त्यांचं संस्थागीत गातात, मग जिंकलेल्यांचं. म्हणून तिथे विजयाची आकांक्षा ‘दुसऱ्यांदा गायचंय’ अशी बोलून दाखवतात. उद्या एकाच देशाच्या सैन्यात जायचंय, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

लँकेस्टरच्या आकड्यांतला एक मात्र सहसा कुणी सांगत नाही. दुसऱ्या फेरीत साधा शर्ट घातलेला तरुण पडला, तेव्हा ९ पैकी फक्त २ जण थांबले.