एफ/२२ केलं की सगळं शार्प? नाही हो!

गोव्यातल्या शापोरा किल्ल्यावर ट्रायपॉड लावलेल्या नवख्याला हमखास सल्ला मिळतो: 'लँडस्केप ना? मग एफ/२२ ठेव, पायाशी असलेल्या जांभ्यापासून मोरजीच्या किनाऱ्यापर्यंत सगळं शार्प येतं.' अर्धं खरं आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, लहान केलं (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान) की डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जवळपासून लांबपर्यंत शार्प दिसणारा पट्टा, वाढते, पण प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो. याला विवर्तन म्हणतात. एफ/८ला एका प्रकाशबिंदूचा ठिपका सेन्सरवर साधारण ११ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडतो, एफ/२२ला जवळपास ३० मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी) सेन्सरचा पिक्सेल असतो जेमतेम ६ मायक्रॉनचा! म्हणजे जांभ्याची भोकं न् भोकं टिपायला जावं आणि सगळाच फोटो किंचित मऊ यावा.

या समजाला १९३२च्या एफ/६४ या अमेरिकन छायाचित्रकारांच्या गटाचा हवाला देतात. निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स त्यातलेच. पण ही मंडळी मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांवर काम करत. ८ बाय १० इंचाच्या निगेटिव्हवरचं एफ/६४ म्हणजे आजच्या फुल फ्रेमवर जेमतेम एफ/९.

मग करायचं काय? एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १८ मिमी लेन्स, एफ/८ लावा आणि दोनेक मीटरवर फोकस करा. साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत काम भागतं. दगड त्याहून जवळ असेल तर वेगवेगळ्या फोकसचे दोन-तीन फोटो काढून जोडा. लाटा धूसर हव्यात म्हणून एफ/२२ वापरत असाल, तर त्याऐवजी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर घ्या, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येईल. सूर्याभोवती किरणांची चांदणीच हवी असेल, तर मात्र खुशाल एफ/१६ लावा.