कुत्र्याला किती खायला घालायचं? पाकीट फोडायच्या आधी वाचा

दुकानात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज हाच प्रश्न येतो, म्हणून छापूनच टाकलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पाकिटामागे जे ग्रॅम लिहिलेत ते अख्ख्या दिवसाचे आहेत, एका वेळचे नाहीत. लोक सकाळी तेवढं घालतात, रात्री परत तेवढंच घालतात, मध्ये आजी प्रेमाने चपाती देतात, आणि चार दिवसांनी पोट बिघडलं की उघडलेली गोणी घेऊन आमच्याकडे, "तुमचं फूड खराब आहे". फूड ठीक असतं हो, डबल गेलेलं असतं. उघडलेली गोणी आम्ही परत घेत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला कशी विकणार?

आता हिशोब. मोबाईलवर वजन तीनदा गुणा (१० × १० × १०), त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याचं परत वर्गमूळ, मग गुणिले ७०. १० किलोच्या कुत्र्याच्या दिवसाला साधारण ३९४ कॅलरी येतात. ही नुसतं पडून राहायची गरज. नसबंदी झालेला, रोज फिरणारा मोठा कुत्रा असेल तर १.६ ने गुणा, म्हणजे ६३० कॅलरी. फ्लॅटमध्ये दिवसभर सोफ्यावर लोळणारा असेल तर १.४ पुरे. पाकिटावर १०० ग्रॅमला ३५० कॅलरी लिहिलं असेल तर ६३० चे झाले १८० ग्रॅम, म्हणजे ९० सकाळी, ९० रात्री. आणि ३० किलोच्या लॅबला (लॅब्रॅडॉर) याच्या तिप्पट लागत नाही बरं का, सव्वादोन पटीच्या आसपास लागतं, लॅबवाले इथेच फसतात. कुत्रा जाड असेल तर आत्ताचं वजन धरू नका, जेवढं असायला हवं तेवढं धरा.

वरचं खाणं दहा टक्क्यांच्या आत ठेवा. ६३० मधले ६० म्हणजे जेमतेम अर्धी चपाती, आणि तेवढं फूड कमी करायचं. कांदा, द्राक्षं, बेदाणे अजिबात नको.

मगाने किंवा वाटीने मोजू नका, दाणा लहान-मोठा असतो, किचनचा वजनकाटा वापरा. दोन आठवड्यांनी बरगड्या चाचपून बघा. हाताला लागल्या पाहिजेत पण लांबून मोजता येता कामा नयेत. त्याप्रमाणे दहा टक्के कमी-जास्त करा.

नवीन फूड जुन्यात मिसळत सात दिवसांत बदला. आम्ही आधी वजन विचारतो आणि पहिल्यांदा छोटं पाकीटच देतो, त्यात आमचा फायदा कमीच आहे, पण मुंबईच्या पावसात मोठी गोणी उघडी राहिली की दमट होते, वास मारते. हवाबंद डबेही ठेवलेत, बघून घ्या.

पिल्लू, गाभण कुत्री, किडनी किंवा शुगरवाला कुत्रा असेल तर हा हिशोब लावूच नका, तुमच्या डॉक्टरांना नाहीतर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात विचारा.

वजन माहीत नसेल तर आमच्याकडे मोठा काटा आहे, फुकट करून देतो, फक्त रविवारी सकाळी आणू नका, गर्दीत कुत्री भांडतात.