पार्श्वभूमी : ओहतानी, जज आणि १९७३चा तो नियम

अमेरिकन बेसबॉलमध्ये डॉजर्सचा शोहेई ओहतानी मोठा की यांकीजचा ॲरन जज, या वादात आकड्यांची कमतरता नाही. २०२५च्या हंगामात ओहतानीने ५५ होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारले, जजने ५३. दोघांनीही आपापल्या लीगचा (ओहतानीने नॅशनल, जजने अमेरिकन) एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब नेला. वाद अडतो तो दुसऱ्याच जागी. ओहतानी पिचिंग करत नसेल तेव्हा फक्त बॅटिंग करतो. जो खेळाडू ग्लोव्ह घालून क्षेत्ररक्षणाला उतरत नाही, त्याला सर्वोत्तम म्हणायचं का? हे भांडण ओहतानीच्या जन्माआधीपासूनचं आहे आणि त्याचं मूळ डेझिग्नेटेड हिटरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणाऱ्या डीएचच्या नियमात आहे.

पिचरऐवजी दुसऱ्याने बॅटिंग करावी ही सूचना १९०६ मध्येच पुढे आली होती, पण ती कोणी मनावर घेतली नाही. तेव्हा पिचरही इतरांसारखाच बॅट घेऊन उभा राहायचा. १९१९ मध्ये बेब रूथने बोस्टनकडून २९ होमरन मारले आणि पिचर म्हणून ९ सामनेही जिंकले. न्यूयॉर्कला गेल्यावर मात्र त्याचं पिचिंग जवळपास थांबलं आणि ही दुहेरी कामगिरी पुढची शंभर वर्षं दंतकथेसारखी सांगितली गेली.

खरी ठिणगी पडली १९६८ मध्ये. त्या वर्षी पिचर फारच वरचढ झाले. सेंट लुइसचा पिचर बॉब गिब्सन नऊ इनिंगमागे सरासरी १.१२ धावाच देत होता, आणि अमेरिकन लीगचा बॅटिंगचा किताब अवघ्या ०.३०१ सरासरीवर (शंभर प्रयत्नांत तीस हिट) जिंकला गेला. पुढच्याच हंगामात माउंडची, म्हणजे पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली. तरी अमेरिकन लीगची मैदानं हवी तशी भरेनात. अखेर जानेवारी १९७३ मध्ये तिथल्या संघमालकांनी आठ विरुद्ध चार मतांनी डीएचला मंजुरी दिली. मुदत तीन वर्षांची, म्हणायला प्रयोग. नॅशनल लीगने साफ नकार दिला.

६ एप्रिल १९७३ रोजी फेनवे पार्कवर यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच म्हणून उभा राहिला. तिन्ही बेस भरलेले होते आणि त्याला वॉक मिळाला, म्हणजे चार चेंडू बाहेर पडल्याने तो फुकट पहिल्या बेसवर गेला आणि पुढचा खेळाडू धाव घेऊन आत आला. फटक्यांचा दुष्काळ संपवायला आणलेल्या नियमाखालची पहिली धाव फटक्याविना आली! त्याची बॅट मात्र कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात, हॉल ऑफ फेममध्ये पोहोचली.

नॅशनल लीगही १९८० मध्ये या नियमाच्या अगदी जवळ आली होती. मतदान झालं तेव्हा चार संघ बाजूने, पाच विरोधात आणि तीन तटस्थ राहिले. फिलाडेल्फियाचे मालक मासेमारीला गेले होते, त्यांच्याशी संपर्क झाला नाही म्हणून त्यांच्या प्रतिनिधीने मत दिलंच नाही, असा किस्सा सांगतात. तत्त्वाच्या नावाखाली पुढे चाळीस वर्षं जपलेला फरक त्या दिवशी दोन-तीन मतांवर तरला, हे परंपरावाद्यांना आठवत नाही.

या फरकाने दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या वर्ल्ड सिरीजचेही हाल केले. १९७६ पासून एका वर्षी डीएच, दुसऱ्या वर्षी नाही. १९८६ पासून ज्याचं मैदान, त्याचा नियम. याच अटीतून बेसबॉलमधला एक अत्यंत लाडका क्षण जन्माला आला. १५ ऑक्टोबर १९८८, लॉस एंजेलिस, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट, डॉजर्स एका धावेने मागे. दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत आला आणि त्याने होमरन मारून सामना ५-४ असा फिरवला. तो कुणाच्या जागी आला होता? पिचरच्या. त्या मैदानावर डीएच असता तर पिचरची पाळीच आली नसती. मे २०१६ मध्ये सॅन डिएगोत बार्टोलो कोलोनने वयाच्या ४२व्या वर्षी कारकिर्दीतला पहिला होमरन मारला, तोही याच जुन्या पद्धतीचा प्रसाद. कोलोनचा जन्म १९७३चा, हा निव्वळ योगायोग.

अर्थात अशा क्षणांची किंमतही मोजावी लागत होती. २०२१ मध्ये पिचरांची बॅटिंग सरासरी ०.११० होती. साथीच्या २०२० सालात डीएच तात्पुरता सगळीकडे आला आणि २०२२ पासून कायमचा झाला. त्याच वेळी नियमपुस्तकात एक कलम घातलं गेलं : सुरुवात करणारा पिचर स्वतःच डीएचही असू शकतो आणि माउंडवरून उतरल्यावर बॅटिंग चालू ठेवू शकतो. कलमात कुणाचं नाव नव्हतं, पण ते कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

१७ ऑक्टोबर २०२५ला मिलवॉकीविरुद्ध ओहतानीने १० बॅटरना स्ट्राइकआउट (थेट पिचिंगवर बाद) केलं आणि तीन होमरन मारले. तिसरा होमरन सातव्या इनिंगमधला, म्हणजे तो पिचिंग सोडून उतरल्यानंतरचा. ते कलम नसतं तर इतिहासातली सर्वोत्तम म्हटली जाणारी ही वैयक्तिक कामगिरी दोन होमरनवर थांबण्याचीच शक्यता जास्त होती. विरोधकांनी याला सवलत म्हणावं. माझ्या मते, या नियमाने अर्धशतकात केलेलं सर्वात चांगलं काम हेच.

पण २०२४चं काय? कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे ओहतानी त्या वर्षी ना माउंडवर होता, ना क्षेत्ररक्षणात. ५४ होमरन, ५९ स्टील (चोरून पटकावलेले बेस) आणि एकमताने एमव्हीपी. निव्वळ डीएचला हा किताब पहिल्यांदाच मिळाला. हॉल ऑफ फेमच्या मतदारांनी एडगर मार्टिनेझला मुख्यतः डीएच असल्याच्या कारणासाठी दहाव्या आणि शेवटच्या संधीपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. तो २०१९ मध्ये आत गेला, तीन वर्षांनी डीएचच असलेला डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच फेरीत. खेळाडूचं एकूण मोल सांगणारा वॉर हा आकडा मांडणारे आजही पूर्ण हंगामाच्या डीएचच्या खात्यातून पंधरा-सतरा धावा वजा करतात. मतदार निवळले, गणित निवळलं नाही.

आपल्याकडे आयपीएलमध्ये २०२३ला इम्पॅक्ट प्लेअर आला आणि पुढच्याच वर्षी, यामुळे अष्टपैलूंची वाढ खुंटेल, अशी तक्रार भारताच्या तेव्हाच्या कर्णधारानेच केली. अमेरिकेत नेमकी उलटी गंमत झाली. पिचरला बॅटपासून सोडवणाऱ्या नियमाच्याच आधारावर तिथला सर्वात मोठा अष्टपैलू उभा आहे.

जजच्या चाहत्यांचा मुद्दा साधा असतो : आमचा माणूस राइट फील्ड सांभाळतो. पण २०२५ मध्ये कोपर दुखावल्यावर तोही काही आठवडे डीएच म्हणूनच खेळला. आणि त्या वर्षी एमव्हीपीच्या शर्यतीत त्याच्यासमोर होता ६० होमरन मारणारा सिॲटलचा कॅचर. रोज गुडघे मोडून प्लेटमागे बसणाऱ्याला जास्त श्रेय द्यायला हवं होतं, हा तेव्हाचा आक्षेप. ओहतानीविरुद्ध वापरलेलं हत्यार यावेळी जजवरच उलटलं. पहिल्या पसंतीची मतं पडली १७ विरुद्ध १३, जजच्या बाजूने.