निर्बंध यादीतून नाव वगळणे

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दहशतवादी ठरवलेल्या माणसाचे किंवा संघटनेचे नाव यादीतून काढण्याची प्रक्रिया, आणि त्यासाठी देशादेशांत चालणारी बोलणी. 'डीलिस्टिंग' हा इंग्रजी शब्दही मराठी बातम्यांत रुळला आहे. विदर्भातल्या खेड्यांत यादी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती घरकुलाची, कर्जमाफीची किंवा पीकविम्याची. तिथे 'नाव लागलं' ही आनंदाची बातमी आणि 'नाव कटलं' ही दुःखाची. या यादीचे मात्र उलटे आहे. नाव लागले की बँक खाती गोठतात, परदेश प्रवास बंद होतो, शस्त्रे मिळण्याचे मार्ग तोडले जातात. नाव कटणे हीच सुटका.

यादीची सुरुवात ठराव १२६७ पासून झाली. १५ ऑक्टोबर १९९९ रोजी मंजूर झालेला हा ठराव तालिबानविरुद्ध होता. पुढे त्यात अल कायदा आणि २०१५ मध्ये आयसिस आले. २०११ मध्ये यादीचे दोन भाग झाले. तालिबानशी संबंधित नावे ठराव १९८८ च्या समितीकडे गेली आणि अल कायदाची ठराव १२६७ च्या समितीकडेच राहिली. ही वाटणी कागदी वाटते, पण नाव वगळण्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच पडतो. तो पुढे येईल.

दोन्ही समित्यांत सुरक्षा परिषदेचे पंधराही सदस्य बसतात आणि निर्णय एकमताने होतो. मतदान नाही, बहुमत नाही. एका देशाने हरकत घेतली की प्रस्ताव अडतो. चढवायचे असो वा उतरवायचे, कुलूप एकच आणि किल्ल्या पंधरा. कोणताही देश प्रस्ताव सहा महिने रोखून धरू शकतो आणि आणखी तीन महिने मुदत वाढवून घेऊ शकतो. सगळी मुत्सद्देगिरी या मोकळ्या जागेत चालते. कोण कोणाला काय देणार, कोणत्या दुसऱ्या प्रश्नावर कोण गप्प बसणार, हे समितीच्या दाराबाहेर ठरते.

सुरुवातीची दहा वर्षे ज्याचे नाव लागले त्याला स्वतःची बाजू मांडायला निष्पक्ष जागाच नव्हती. त्याची झळ व्यावसायिक युसुफ नादा यांनी सोसली. ते कॅम्पिओने दितालिया या गावी राहत. गाव इटलीचे, पण चारही बाजूंनी स्वित्झर्लंड. नोव्हेंबर २००१ मध्ये यादीत नाव आले आणि पुढे त्यांना स्विस हद्दीत पाऊल टाकायची बंदी झाली. गावाचे क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस किलोमीटर, म्हणजे चारशे एकरांच्या आतबाहेर. विदर्भात एखाद्या लहानशा गावाचे शिवारही याहून मोठे असते. तेवढ्या जागेत वृद्ध, आजारी माणूस अडकला. स्विस तपासयंत्रणेने २००५ मध्येच पुराव्याअभावी चौकशी बंद केली, तरी नाव निघाले ते सप्टेंबर २००९ मध्ये. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये स्वित्झर्लंडला दोषी धरले. चौकशी संपल्यानंतरची ती चार वर्षे ही या व्यवस्थेची सर्वात लाजिरवाणी नोंद आहे.

यादीत नाव असलेले सौदी व्यावसायिक यासिन कादी यांनी युरोपीय संघाच्या न्यायालयात दाद मागितली. ३ सप्टेंबर २००८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, आदेश सुरक्षा परिषदेचा असला तरी युरोपात तो लागू करताना माणसाचे मूलभूत हक्क पायदळी तुडवता येणार नाहीत. या निकालाचा धक्का न्यूयॉर्कपर्यंत पोचला. डिसेंबर २००९ मध्ये ठराव १९०४ ने असे अर्ज तपासणाऱ्या लोकपालाचे (ओम्बड्सपर्सन) पद निर्माण केले आणि कॅनडाच्या किंबर्ली प्रोस्ट पहिल्या लोकपाल झाल्या. अर्ज आला की लोकपाल काही महिने माहिती गोळा करतो, अर्जदाराशी बोलतो आणि शिफारस करतो. २०११ पासून या शिफारशीला धार आली. लोकपालाने नाव काढा म्हटले, तर साठ दिवसांत नाव निघते. ते ठेवायचे असेल तर पंधराही देशांचे एकमत हवे, किंवा एखाद्याने प्रकरण सुरक्षा परिषदेपुढे न्यावे. एकमताची अट इथे उलटी फिरवली आहे. पण लोकपाल फक्त अल कायदा-आयसिसच्या यादीला आहे. तालिबानच्या यादीला नाही.

म्हणून तालिबानची नावे पुराव्यापेक्षा तडजोडीवर हलतात. जुलै २०११ मध्ये वाटाघाटींना वाव मिळावा म्हणून १४ माजी तालिबान्यांची नावे काढली गेली. तालिबानशी झालेल्या २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात अमेरिकेने यादीतून तालिबान्यांची नावे काढण्यासाठी प्रयत्न करण्याचे वचन दिले, पण प्रमुख नेत्यांची नावे कायम राहिली. त्यामुळेच ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीला आले ते समितीकडून प्रवासाची खास सवलत घेऊन. सीरियाचे अध्यक्ष अहमद अल-शरा यांचे नाव काढण्यासाठी वेगळेच दार उघडले. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी समिती बाजूला ठेवून थेट परिषदेत ठराव २७९९ आला. चौदा देशांनी बाजूने मत दिले आणि चीन तटस्थ राहिला. परिषदेत नऊ मते पुरतात, फक्त नकाराधिकार वापरला जाता कामा नये. गरज मोठी असली की नियमाला वळसा घालता येतो, हे त्या दिवशी उघड झाले.

भारताने या कुलपाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझहरचे नाव यादीत घालण्याचा प्रस्ताव चीनने वर्षानुवर्षे अडवला. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात ४० जवान गेले. त्यांतले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले होते. त्यानंतर मार्चमध्येही चीनने प्रस्ताव रोखला आणि १ मे २०१९ रोजी कुठे नाव लागले. उलट लष्कर-ए-तोयबाचा संस्थापक हाफिज सईदने २०१७ मध्ये आपले नाव काढावे म्हणून अर्ज केला होता. भारताने पुरावे दिले आणि २०१९ मध्ये तो अर्ज फेटाळल्याचे समोर आले. ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांना या प्रक्रियेत बोलायला कुठेच जागा नाही. अर्जदाराला लोकपाल मिळाला, पण पीडितांना कोणी मिळालेले नाही. ही उणीव दूर व्हायलाच हवी.

गडचिरोलीत माओवाद्यांवरील बंदीची चर्चा होते तेव्हा दोन याद्यांची गल्लत होते. भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नाही. त्यावरची बंदी देशाच्या यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून आली आहे. ते नाव काढायचे तर कलम ३६ नुसार अर्ज केंद्र सरकारकडे जातो. नकार आल्यास महिन्याभरात पुनर्विलोकन समितीकडे जाता येते, आणि समितीचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. पण माणसे शरण आली म्हणून संघटनेचे नाव अनुसूचीतून आपोआप जात नाही.

संयुक्त राष्ट्रांची यादी खेड्यात पोचते ती बँकेच्या शाखेतून. सहकारी बँकांनाही खातेदारांची नावे या यादीशी पडताळावी लागतात. अब्दुल, मोहम्मद, रहीम अशी नावे गावोगाव आहेत. जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी शाळेत घातलेली, १ जून किंवा १ जुलै. यादीतही कित्येकांचे फक्त अंदाजे जन्मवर्ष असते. नाव जुळले म्हणून खाते गोठले, तर खातेदाराने शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि आधार, वडिलांचे पूर्ण नाव व पत्त्याचा पुरावा जोडावा. शाखेने तो दोन कामकाजाच्या दिवसांत केंद्रीय गृहमंत्रालयातल्या नोडल अधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवायचा असतो. चूक पटली की पंधरा कामकाजाच्या दिवसांत खाते मोकळे करण्याचा आदेश निघाला पाहिजे. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी, कारण मुदत त्या तारखेपासून मोजता येते.